विश्लेषण : मोबाइलमधलं तिकीट खरं की खोटं, हे ठरवतं कोण?

२०२५ च्या अखेरीस मध्य रेल्वेवर एआय टूलच्या मदतीने बनवलेले लोकलचे बनावट मोबाइल पास पकडले गेले आणि गुन्हेही दाखल झाले. रंग, अक्षरं, क्यूआर कोड सगळं जागच्या जागी. मग प्रश्न पडतो की असा पास दाखवून विमानतळावर किंवा मेट्रोच्या गेटमधून कुणी का जाऊ शकत नाही? कारण ‘ई-तिकीट’ हा शब्द एकच असला तरी या तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे.

विमानाचं तिकीट नेमकं कुठे असतं?

तुमच्याकडे नसतंच. १ जून २००८ पासून ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने कागदी तिकीट बंद केलं. त्याआधी ते कागदी चोपडंच तिकीट होतं, हरवलं की धावपळ. आता तिकीट म्हणजे विमान कंपनीच्या सर्व्हरवरची नोंद. ईमेलवर येते ती फक्त पावती.

इथे एक फरक लक्षात ठेवा. सहा अक्षर-अंकांचा पीएनआर म्हणजे आरक्षण. तिकीट क्रमांक वेगळा असतो, १३ अंकी. त्यातले पहिले तीन अंक कंपनीचे, जसे एअर इंडियाचे ०९८. एजंटने पीएनआर दिला, पण तिकीट क्रमांक दिला नाही, तर जागा धरून ठेवली आहे, तिकीट निघालेलं नाही, असं होऊ शकतं. परदेशी जाणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. (काही स्वस्त विमान कंपन्या केवळ पीएनआरवर काम चालवतात, तो भाग वेगळा.)

सर्व्हरवर प्रत्येक टप्प्याचं एक ‘कूपन’ असतं आणि त्याची स्थिती बदलत जाते : खुलं, चेक-इन झालेलं, वापरलेलं, परतावा दिलेलं. कूपन क्रमानेच वापरावी लागतात. म्हणून पहिला टप्पा चुकवून थेट दुसऱ्या विमानतळावर हजर झालात, तर बहुतेक कंपन्यांत पुढचं तिकीट रद्द झालेलं असतं.

बोर्डिंग पासवरच्या बारकोडमध्ये नाव, पीएनआर, आसन अशी माहिती साध्या मजकुरात असते, कोणतंही स्कॅनर ॲप ती वाचतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरच्या बुकिंग क्रमांकावरून एका हॅकरने त्यांचा पासपोर्ट क्रमांक शोधून काढला. ‘एअरपोर्ट डायरीज’चा फोटो टाकायचाच असेल तर चहाच्या कपाचा टाका.

मेट्रोत क्यूआर फॉरवर्ड केला तर?

जो आधी पोहोचेल तो आत जाईल, दुसऱ्याला गेट उघडणार नाही. क्यूआरची नक्कल करणं सोपं आहे, ती कुणी रोखू शकत नाही. पण अशा यंत्रणेत ‘हे तिकीट आत गेलं’, ‘हे बाहेर पडलं’ अशी नोंद होते आणि तेच तिकीट दुसऱ्यांदा चालत नाही. थोडक्यात, सुरक्षा कोडमध्ये कमी आणि गेटमध्ये जास्त आहे.

२०१९ मध्ये आलेलं एनसीएमसी कार्ड याच्या उलट. त्यातले प्रवासाचे पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात, कमाल २,००० रुपये. त्यामुळे नेटवर्क नसलेल्या बसमध्येही ते चालतं. पण कार्ड हरवलं तर चिपमधली शिल्लक गेली, खिशातली नोट हरवावी तशी.

मग लोकलचं काय?

लोकलला गेट नाही. गर्दीच्या वेळी सीएसएमटी किंवा दादरला प्रत्येकाने क्यूआर टेकवून आत जायचं ठरवलं, तर रांग कुठवर जाईल याची कल्पना करा. त्यामुळे इथे तपासणी माणसाच्या नजरेवर चालते आणि बनावट पास नेमका त्या नजरेला फसवण्यासाठी बनवलेला असतो. तपासनिसाने क्यूआर किंवा क्रमांक सर्व्हरशी ताडून पाहिला की खोटेपणा उघड होतो, पण धावत्या गाडीत प्रत्येकाचं तिकीट असं पाहायला वेळ कुठे असतो?

म्हणूनच रेल्वेने बंधनं प्रवाशावर घातली. फलाटावर किंवा गाडीत असताना ॲपवर तिकीट निघत नाही, नाहीतर तपासनीस दिसल्यावरच लोक ते काढतील. तिकीट ॲपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. आणि फोन बंद पडला, तर प्रवासी विनातिकीट मानला जातो : भाडं अधिक किमान २५० रुपये दंड.

हा शेवटचा नियम खटकतो. आरक्षित गाडीत नाव चार्टवर असतं, ओळखपत्र दाखवून प्रवास होतो. लोकलच्या साध्या तिकिटावर नाव नसतं. ‘फोन बंद आहे, पण तिकीट काढलंय’ असं कुणीही म्हणेल, तेव्हा तिथे नियम समजण्यासारखा आहे. मासिक पासचं तसं नाही. त्याच्याशी नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक जोडलेला असतो. रेल्वेच्या सर्व्हरवर ज्याची नोंद आहे आणि ज्याने महिन्याचे पैसे आधीच भरलेत, त्याला बॅटरी संपल्याबद्दल फुकट्या ठरवण्याऐवजी तपासनिसाला ती नोंद शोधून पाहता यायला हवी. बनावट पास पकडायलाही तीच सोय लागते.

तोवर उपाय जुनाच आहे. ज्यांचा फोन संध्याकाळच्या परतीपर्यंत टिकत नाही, त्यांनी पास खिडकीवर काढावा आणि कागदी प्रत पाकिटात ठेवावी. पण एकदा कागद घेतला, की पास तोच. घरी विसरलात, तर त्याचा मोबाइलमधला फोटो चालणार नाही.