‘भीति’ हा एकच शिक्का

इंग्रजी भाषेंत भयवाचक शब्दांची रेलचेल आहे आणि मराठींत मात्र एक ‘भीति’ तेवढी आहे, असा समज आमच्या सुशिक्षित घरांतून दृढ होऊन बसलेला आहे. शाळेंत समानार्थक शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. त्यांत फिअर, ड्रेड, टेरर, हॉरर, पॅनिक, ॲन्झायटी हे सारे शब्द एकाच ओळींत कोंबलेले असतात, आणि त्या सर्वांवर ‘भीति’ हा एकच शिक्का मारलेला असतो. या याद्यांनीं होणारें नुकसान केवळ भाषेचें नसून विचाराचें आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

प्रथम या शब्दांचीं कुळें पाहूं. फिअर हा शब्द अस्सल इंग्रजी. परंतु जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ मनाचा विकार असा नव्हता, तर अकस्मात् ओढवलेलें संकट असा होता. बाहेरचें संकट पुढें मनांत शिरलें. टेरर लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशीं थरथर कांपणें आहे, आणि संस्कृतांतील ‘त्रस्’ धातु हा त्याचा सख्खा भाऊ होय. हॉररचें मूळ अंगावर कांटा उभा राहण्यांत आहे, व त्याचें नातें ‘हृष्’ धातूशीं लागतें. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाला रोमहर्ष होतो तो आनंदानें नव्हे, हें ज्यांस आठवत असेल त्यांस हॉरर परका वाटूं नये. ॲन्झायटीच्या पोटांत गळा आवळण्याची कल्पना आहे; वेदांतील ‘अंहस्’ त्याच कुळांतला. आणि पॅनिक ही बोकडाच्या पायांच्या पॅन नामक ग्रीक देवाची करणी. रानांत कारणावांचून एकाएकीं गाळण उडते, ती तो उडवितो अशी ग्रीकांची समजूत होती. संकट, कंप, कांटा, कोंडमारा आणि कळपाची पळापळ, हे पांच अनुभव ज्यास एकच वाटतात, त्यास भाषेची नव्हे, अनुभवाचीच पारख नाहीं असें म्हणावें लागेल.

यावर आक्षेप येतो कीं, इंग्रज तरी हा भेद कोठें पाळतो? जेवण चांगलें झालें तरी तो ‘टेरिफिक’ म्हणतो, आणि नकार देतांना उगीच ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणून आरंभ करितो. हें खरें आहे. परंतु नाणें वापरून झिजलें म्हणून तें खोटें ठरत नाहीं. आम्ही तरी दुसरें काय केलें? टेररचा जो भाऊ ‘त्रास’, त्याला आम्हीं इतका झिजविला आहे कीं, शेजाऱ्याकडे विरजण मागतांनाही ‘तुम्हांला त्रास देतें’ असें म्हटलें जातें. ही झीज दोन्ही भाषांत सारखीच आहे. ती ओळखावयाची सोडून ‘मला भीति वाटते कीं आपलें पत्र मिळालें नाहीं’ अशीं वाक्यें जे छापतात, त्यांस इंग्रजी येत नाहीं आणि मराठीही येत नाहीं. तेथें भीति कोणालाच वाटत नसते. लिहिणारास खेद दाखवावयाचा असतो.

दुसरा आक्षेप असा कीं, मोठमोठ्या पंडितांचेंही या शब्दांविषयीं एकमत नाहीं. किर्केगार याच्या १८४४ सालच्या डॅनिश ग्रंथाच्या नांवांतील एकाच शब्दाला १९४४ च्या इंग्रजी भाषांतरांत ‘ड्रेड’ म्हटलें, आणि १९८० च्या भाषांतरांत ‘ॲन्झायटी’. पण यावरून काय सिद्ध होतें? सामान्य भीतीला कांहींतरी निश्चित विषय असतो, आपण म्हणतों त्या अवस्थेला तो नसतो, असा भेद ग्रंथकर्त्यानें स्वतःच केला होता. म्हणून भाषांतरकारांनीं ‘फिअर’वर समाधान मानलें नाहीं. त्यांचा मतभेद हा काळजीचा पुरावा आहे. आमचें एकमत आहे, पण तें आळसाचें आहे.

आतां मुख्य मुद्दा. भयाच्या प्रत्येक शब्दांत एक निवाडा दडलेला असतो. टेरर म्हटलें कीं ती पसरविणारा कोणी तरी आहे असें ठरतें. १७९३-९४ सालीं फ्रान्समध्यें राज्यकर्त्यांनींच तिला राज्यकारभाराचें साधन केलें, आणि रोब्सपियरनें ती न्यायाचेंच रूप आहे असें भर सभेंत प्रतिपादन केलें. टेररिझम हा शब्द त्या राजवटीच्या वर्णनासाठीं जन्मास आला; पुढें तोच बहुधा राज्यकर्त्यांच्या शत्रूंना लावला जाऊं लागला. याच्या उलट पॅनिक म्हटलें कीं दोष भिणारांच्या माथीं जातो. १९३३ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत बँकांपुढें रांगा लागल्या, तेव्हां भयाखेरीज भिण्यासारखें कांहीं नाहीं अशा आशयाचा धीर रूझवेल्टनें राष्ट्राला दिला. धीर हवाच होता. परंतु त्यापूर्वीच्या तीन वर्षांत हजारों बँका खरोखर बुडाल्या होत्या. रांगेंत उभ्या राहिलेल्या माणसाची भीति निराधार नव्हती. म्हणूनच भाषणावर भागलें नाहीं. त्याच वर्षीं ठेवींच्या विम्याचा कायदा करावा लागला, व १ जानेवारी १९३४ पासून विमा सुरू झाला. पॅनिकला धीराचे शब्द पुरतात. फिअरला कारण नाहींसें करावें लागतें. नांव चुकलें तर उपाय चुकतो, तो असा.

राहिला मराठीच्या दारिद्र्याचा प्रश्न. वडिलांचा धाक, अधिकाऱ्याचा दरारा, कायद्याचा वचक, परीक्षेची धास्ती, वाईट वार्तेचा धसका, गुंडाची दहशत हीं काय एकाच वस्तूचीं नांवें आहेत? घोडा बुजतो, मूल दचकतें, नवखा बिचकतो, एकटा सांपडलेला भेदरतो, आणि शूर म्हणविणाऱ्याची पांचांवर धारण बसते. भरतानें तर भय हा स्थायी भाव मानून त्रास, शंका, चिंता, आवेग यांस संचारी भावांत निरनिराळीं आसनें दिलीं, आणि भयानकाहून बीभत्स वेगळा काढला. हॉररमध्यें भयाला किळसेची जोड कशी मिळते, हें समजावून सांगण्यास यापरतें चांगलें साधन कोणतें?

तेव्हां आमची पालकांस व शिक्षकांस विनंती एवढीच कीं, त्या याद्या मिटवून ठेवाव्या. मुलाला शब्द शिकवितांना तीन प्रश्न विचारावे: भितो कोण, भिववितो कोण, आणि भिण्यास कारण आहे कीं नाहीं? ज्याला हे प्रश्न विचारतां येतात, त्याला वर्तमानपत्र वाचतां येईल. ज्याला येत नाहींत, त्याला कोणीही कशाचीही भीति घालावी, आणि त्याची खरी भीति कोणीही हंसण्यावारी न्यावी.