पत्र फोडणाऱ्यांचा कायदा

ज्याच्या मनात पाप नाही त्याने सरकारने आपली ई-मेल वाचली म्हणून बिचकावे कशाला, असा सवाल आजकाल चांगले शिकलेसवरलेले लोकही तोऱ्यात विचारू लागले आहेत. या युक्तिवादाचा समाचार घेण्यापूर्वी तंजावरच्या राजवाड्यात डोकावणे अगत्याचे आहे.

१८५५ साली तंजावरचे भोसले राजे दुसरे शिवाजी पुत्राविना वारले. कंपनी सरकारने संस्थान खालसा केलेच. शिवाय कमिशनर फोर्ब्स यांनी शिपायांच्या पहाऱ्यात राजाच्या खासगी मालमत्तेलाही मोहोरा ठोकल्या. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या न्यायालयात जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. कारण काय? ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेची कृती असून तिच्या न्याय्यतेची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही! राजेरजवाड्यांसाठी आसवे गाळण्याचे आपल्याला कारण नाही. त्यांचे ऐश्वर्य कावेरीखोऱ्यातील शेतमजुरांच्या पाठीवर उभे होते. प्रश्न तत्त्वाचा आहे. जप्ती करणाऱ्यानेच ती योग्य ठरवावी, हे तत्त्व कंपनीबरोबर बुडाले नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९व्या कलमाखालील २००९चे नियम पाहा. ई-मेल फोडण्याचा हुकूम देणार गृहसचिव, आणि तो तपासणार सचिवांचीच समिती. ज्याचे पत्र फोडले त्याला कळवण्याची तरतूदच नाही. मग तो दाद मागणार कशाच्या आधारावर? २०२५च्या आयकर कायद्याने तर छाप्यात ई-मेल खात्याचा सांकेतिक शब्द डावलून आत शिरण्याची मुभा दिली. छाप्यामागची कारणे अपील न्यायाधिकरणालाही सांगायची नाहीत! खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितले, त्यानंतरची ही गोष्ट.

आता त्या निष्पाप मनाकडे वळू. १९२४च्या कानपूर खटल्यात कॉम्रेड डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्त यांना प्रत्येकी चार वर्षांची सजा झाली, ती मुख्यतः वाटेत फोडलेल्या पत्रांच्या बळावर. पाप कोणते, हे पत्र लिहिणारा ठरवत नसतो. पत्र फोडणारा ठरवतो.

निनावीपणाचेही तेच. भातखरेदीच्या केंद्रावर पोत्यामागे लाच मागितली गेली, तर तंजावरच्या शेतकऱ्याने नाव घालून तक्रार करायची आणि पुढच्या हंगामात त्याच काट्यापुढे उभे राहायचे? २८ एप्रिल २०२२च्या केंद्रीय आदेशाने, इंटरनेटवर ओळख झाकणारी व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्यास फर्मावले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला मात्र यातून सूट आहे. हा वर्गीय पक्षपात इतका उघडा आहे की त्यावर भाष्य करण्याचीही गरज वाटत नाही.

पत्र फोडण्यापूर्वी न्यायाधीशाचा लेखी हुकूम आणि तपास संपताच संबंधिताला सूचना, या दोन मागण्या आपल्या कामगार व किसान संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात वेतनाच्या आणि हमीभावाच्या शेजारी लिहिल्या पाहिजेत.