कमाईची वाट : मंडपाचे काम आणि हातातला मोबाईल



आपल्या वस्तीत कार्यक्रमांना तोटा नाही. १४ एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी, विहारातील वर्षावासाची सांगता, शिवाय घरोघरची लग्ने, साखरपुडे, नामकरण, पुण्यानुमोदन. प्रत्येक कार्याला मंडप, खुर्च्या, स्टेज, साऊंड, जेवण आणि गायन पार्टी लागते. ही सगळी जुळवाजुळव एकहाती करून देणारे होतकरू तरुण आणि बचत गटातील भगिनी आता ठिकठिकाणी दिसतात. काम चोख असते, पण गिऱ्हाईक आपल्या चार गल्ल्यांपुरतेच राहते. एप्रिल-मे महिन्यात धावपळ आणि पुढे दोन-तीन महिने हात रिकामे, अशी गत होते. म्हणून सोशल मीडियावरून या धंद्याची जाहिरात कशी करावी, याचा आज विचार करू.

जाहिरातीचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊ केले तरीही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ज्याच्या हाती छापखाना, त्याच्याच हाती लोकांपर्यंत जाण्याचा रस्ता, असा तो काळ होता. आज तो रस्ता आपल्या खिशात आहे. त्याचा उपयोग केवळ सुप्रभातचे संदेश पुढे पाठविण्यापुरता का असावा?

सुरुवात बिनखर्चाची करावी. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ साली आले व ते मोफत मिळते. धंद्यासाठी वेगळा नंबर घेऊन त्यावर ते सुरू करावे. त्यात कॅटलॉग करता येतो, म्हणजे मंडप, स्टेज, जेवणाचे ताट यांचे फोटो दरासह लावून ठेवता येतात. कोणी विचारले की तेच पाठवावे. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट यादीतून पाठविलेला संदेश ज्याने तुमचा नंबर मोबाईलमध्ये साठविला आहे त्यालाच पोचतो. म्हणून काम संपल्यावर यजमानाला, “दादा, नंबर सेव्ह करून ठेवा,” असे आवर्जून सांगावे. गुगलच्या नकाशावरही आपल्या धंद्याची नोंद फुकट होते आणि समाधानी गिऱ्हाइकाला तेथे दोन ओळींचा अभिप्राय लिहिता येतो. अनोळखी माणूस आपल्या दहा जाहिरातींपेक्षा त्या दोन ओळींवर अधिक विश्वास ठेवतो.

फोटो आपल्याच कामाचे लावावेत. दुसऱ्याच्या आलिशान स्टेजचे फोटो उतरवून “आमचे काम” म्हणून दाखविणारे पुष्कळ आहेत. पंचशीलातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे आणि ते धंद्यालाही लागू आहे. शिवाय लग्नाच्या दिवशी खोटे उघडे पडतेच. रिकामा हॉल आणि सजल्यानंतरचा तोच हॉल, असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ इन्स्टाग्राम व फेसबुकवर टाकला तरी पुरे. मात्र नवरीचे, पाहुण्या मुलींचे, लहान मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. नाही म्हणाले तर स्टेजचा आणि पंगतीचा फोटो टाकावा.

आपल्याला जे येते ते इतर डेकोरेटर्सना येत नाही, हे जाहिरातीत ठळक सांगावे. तथागतांच्या मूर्तीसाठी व बाबासाहेबांच्या प्रतिमेसाठी पांढऱ्या वस्त्राचे टेबल, पुष्प, धूप, मेणबत्त्या, भंतेजींचे आसन, बौद्धाचार्यांशी ठरविलेली वेळ, आणि भंतेजींचे भोजनदान दुपारी १२ च्या आत, ही व्यवस्था न सांगता होते, हीच आपली खरी जाहिरात आहे. दुसरे असे की, २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि आपण मुहूर्त मानीत नाही. पितृपंधरवड्यात इतरांची कार्ये थांबलेली असतात, तेव्हा हॉलचे भाडे कमी करून मागता येते. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगितले तर त्याचे पैसे वाचतात आणि आपले रिकामे दिवस भरतात.

आता एक अवघड प्रश्न. आपल्यातील काही व्यावसायिक पेजवर आडनाव लिहीत नाहीत, जयभीम लिहीत नाहीत. इतर समाजाचे गिऱ्हाईक परत जाईल, ही भीती त्यामागे असते आणि ती उगीच नाही. जेवणाची ऑर्डर ठरत आली असताना “आचारी कोणत्या समाजाचे?” असे विचारून नंतर फोन न उचलणारे लोक आजही आहेत. पोट भरण्यासाठी ज्याने आडनाव गाळले, त्याला आपण हिणवू नये. पण कोणी विचारले तर खोटे सांगू नये. आणि आपल्या समाजाने तरी अशा भाऊ-बहिणींना काम द्यावे, रास्त दर द्यावा, “घरचाच आहेस” म्हणून उधारी ठेवू नये. तसे झाले तरच पुढे नाव उघड लिहिण्याचे बळ त्यांना येईल.

फसवणुकीपासूनही जपावे. “आम्ही लष्करातून बोलतोय, दोनशे ताटांची ऑर्डर आहे, हा कोड स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स जमा होईल,” असे सांगून लुबाडण्याचे प्रकार झाले आहेत. मोबाईलवर पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे येत नाहीत, जात आहेत. तसेच पैसे देऊन फॉलोअर्स विकत घेऊ नयेत. ते गिऱ्हाईक नव्हेत. विकतची जाहिरात द्यायचीच असेल तर आपला तालुका किंवा उपनगर तेवढेच निवडून, रोजची मर्यादा ठरवून द्यावी.

शेवटी, झगमगाटी फोटोंनी गिऱ्हाईक भुलते, हे खरे. मजूर बाप मुलीच्या लग्नात तसाच स्टेज मागतो आणि पतपेढीचे हप्ते वर्षानुवर्षे फेडीत बसतो. त्या कर्जावर आपला नफा उभा राहिला, तर तिला सम्यक आजीविका कसे म्हणावे? म्हणून कॅटलॉगमध्ये सर्वांत वर साध्या मंगल परिणयाचा दर लावा. विहारात किंवा समाजमंदिरात, शंभर माणसे, साधे जेवण, सर्व खर्च उघड लिहिलेला. त्यात नफा थोडा मिळेल, पण ज्या घराला तुम्ही कर्जापासून वाचविले, ते घर तुमचा नंबर दहा घरांना देईल.

येत्या रविवारी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला शेजारी बसवा आणि कॅटलॉगचे पहिले पान तयार करा.

जयभीम!