पुण्याच्या आधी जुन्नर

सहलीचे दिवस जवळ आले म्हणजे अवसरी, मंचर, घोडेगाव या बाजूच्या मुलांच्या तोंडी पुण्याचेच नाव असते. शनिवारवाडा पाहावा, एखाद्या उपाहारगृहात मिसळ खावी आणि बाकरवडीचा पुडा घेऊन घरी परतावे, असा बेत ठरलेला असतो. त्यात गैर काही नाही. १७३० साली ज्याचा पाया घातला गेला व १८२८ च्या आगीत ज्याचे वैभव भस्मसात झाले, तो पेशव्यांचा वाडा प्रत्येकाने अवश्य पाहावा. परंतु आपल्या भागातील मुलांनी पुण्याच्या आधी जुन्नर पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्नर हीही एके काळची राजधानीच होय. १४९० साली बहामनी सत्ता झुगारून स्वतंत्र झालेल्या अहमद निजामशहाने प्रथम येथूनच कारभार केला. अहमदनगर त्यानंतर, १४९४ त वसू लागले. शिवनेरीवर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे तर सर्वांस ठाऊकच आहे.

यावर कोणी म्हणेल, "जुन्नरास आपण बाजाराला नेहमीच जातो, तेथे नवे पाहावयाचे काय आणि खावयाचे तरी काय?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शिवनेरीच्या लेण्यांतील एक प्राचीन शिलालेख देतो. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी वंशाच्या गृहस्थाने, भिक्षुसंघास भोजनमंडप दान केल्याचे त्यात कोरले आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने सात खोल्यांचे लेणे व एक टाके खोदविले. हे दाते राजे नव्हते. मंचरच्या पेठेत आज जसे दुकानदार दिसतात, तशीच ती माणसे. नाणेघाटातून कोकणचा माल वर येई, त्या व्यापारावर हे नगर पोसले गेले. आणि आल्यागेल्याच्या अन्नपाण्याची सोय करणे हे येथील संपन्न लोक पुण्यकर्म मानीत.

पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी जुन्नरास पावसाळ्यात राहिला. खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला होता; तो एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने परत मिळाला. या देशात प्रवासी धर्मशाळेत उतरतात व तेथील बायका त्यांच्यासाठी अन्न शिजवितात, हे त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे.

ती परंपरा अद्याप संपलेली नाही. तीळ, सुके खोबरे व लसूण यांचे सारण बेसनात भरून केलेली मासवडी, तिखट रस्सा आणि बाजरीची भाकरी हे जुन्नर-आंबेगावचे खरे पक्वान्न. नावात मासा असला तरी तीत मासा नसतो! सहलीस गेलेल्या मुलांनी कारखान्यातून आलेले पुडे फोडण्यापेक्षा गावातील खानावळीत पंगतीस बसावे. पैसा भाकरी थापणाऱ्या हातांत जाईल आणि लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर कागदाचा कचराही पडणार नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. लेण्यांच्या भिंतींवर खडूने व खिळ्याने लिहिलेली नावे पाहिली म्हणजे मन विषण्ण होते. चिटाने आपले नाव कोरविले ते काही देऊन. आपण काहीच न देता नाव कोरतो आणि त्याचे अक्षर मात्र पुसून टाकतो. एकदा खरवडले गेलेले अक्षर कोणालाही पुन्हा वाचता येणार नाही.

म्हणून शिक्षकांस व पालकांस माझी विनंती आहे की, यंदाची सहल जुन्नरास न्यावी. प्रत्येक मुलाने वहीत शिलालेखाची एक ओळ उतरवून आणावी. त्यानंतर पुण्यास खुशाल जावे. शनिवारवाडाही तेव्हा अधिक चांगला कळेल.