स्वस्त पोते, महाग पाणी

धार आणि देवास ही नावे मराठी मनाला परकी नाहीत. पवारांची ही संस्थाने. देवासच्या टेकडीपायथ्याशी कुमार गंधर्वांनी चार दशके काढली. त्याच देवासची तहान भागविण्यासाठी १९९० साली आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. जेथे पाणी इतके दुर्मीळ, तेथे भूजल नासू देणे हा करंटेपणाच होय.

माळव्याच्या काळ्या जमिनीत खरिपाला सोयाबीन, रब्बीला गहू. सोयाबीन मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतील नत्र मिळविते. गव्हाला मात्र युरिया लागतो आणि तो सढळ हाताने पडतो. ४५ किलोंचे पोते शेतकऱ्यास २७० रुपयांच्या आत मिळते. उरलेला, कितीतरी पट मोठा भार सरकारी तिजोरीवर. स्फुरद-पालाशाची खते १९९२ साली नियंत्रणमुक्त होऊन महागली, युरियाचे नियंत्रण तसेच राहिले. तेव्हा शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हा सल्ला किमतीनेच दिला आहे. पण घातलेल्या नत्रापैकी पिकाच्या पदरी ढोबळमानाने तिसरा हिस्सा पडतो. बाकीचा काही वायुरूपाने उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळले तरी तो जात नाही, उलट दाट होतो. बाटलीच्या दुधातून तो पोटात गेला, की तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. ती ओलांडलेले नमुने केंद्रीय भूजल मंडळास २०१७ मध्ये ३५९ जिल्ह्यांत आढळले होते, २०२३ मध्ये ४४०. यात गावच्या सांडपाण्याचा आणि गोठ्यांचाही वाटा आहे, हे खरे.

माळव्याचे आपल्याला काय, असे किनाऱ्यावरच्या वाचकाने म्हणू नये. दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण अंगाने वाहणारी नर्मदा आपल्याच अरबी समुद्रास मिळते; आपल्या भातखाचरांतला युरियाही तेथेच पोहोचतो. पावसाळ्याच्या अखेरीस किनाऱ्यालगतच्या खालच्या थरांतला प्राणवायू आटतो. मुळात ही घटना नैसर्गिक. पण ती तीव्र होत आहे आणि तीतून नायट्रस ऑक्साइड विक्रमी प्रमाणात बाहेर पडतो, हे दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० सालीच दाखवून दिले, आणि जमिनीवरून येणाऱ्या नत्राकडे बोट दाखविले. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट तापदायक. मासळीचे त्या पाण्यात काय होते, ते रापणकारांना सांगावयास नको.

२०१५ मध्ये युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, २०१८ मध्ये पोते ५० किलोंवरून ४५ वर आले. उपाय योग्य, पण तोकडे. अनुदानाची रक्कम थेट शेतकऱ्याच्या हाती देऊन युरियाला इतर खतांच्या पंक्तीस बसविणे हा खरा मार्ग. भाववाढीचे नाव काढताच निवडणूक आठवणाऱ्या पुढाऱ्यांना तो सुचणे कठीण. निदान गावोगावच्या विहिरींतील नायट्रेटचा आकडा तरी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. त्याला तिजोरीतून फारसे काही काढावे लागत नाही.