चार टक्के आणि एक पळवाट

सरकारी खरेदीत राखीव वाटा म्हटलं की पहिली ओरड ठरलेली: महागडा माल करदात्यांच्या गळ्यात मारणार! ओरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नियम वाचलेला नसतो.

केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी ठरावीक खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची असते. आज हा वाटा २५ टक्के आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ टक्के महिलांसाठी.

आता हिशेब पाहा. सर्वांत कमी दर, टेंडरवाल्यांच्या भाषेत ‘एल-वन’, एका मोठ्या कंपनीचा १०० रुपये. एका लघुउद्योजिकेने ११२ भरले. फरक १५ टक्क्यांच्या आत, म्हणून तिला ऑर्डरच्या वाट्यासाठी विचारलं जातं. पण १०० वर उतरायची तयारी असेल तरच. म्हणजे सरकारचा एक पैसाही जादा जात नाही. उलट मोठ्या कारखान्याला परवडणारा दर तिने छोट्या ऑर्डरवर पेलायचा. बिल ४५ दिवसांत चुकतं करण्याचा कायदा आहे खरा, पण ते अडकलं की बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही.

एकूण २५ टक्क्यांचं उद्दिष्ट केंद्रीय कंपन्या अलीकडे सहज ओलांडतात. ४ टक्क्यांचा आकडा मात्र वर्षानुवर्षं १ टक्क्याच्या आसपास रेंगाळला. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘डिक्की’ने, म्हणजे दलित उद्योजकांच्या चेंबरने, या वाट्याचा आग्रह धरला होता. तो मिळाला, पण धोरणाच्या त्याच आदेशात एक पळवाटही आली: असे उद्योजक निविदेत उतरले नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर त्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढावा. मग खरेदी अधिकारी कशाला शोधायला जाईल?

अमेरिकेतल्या अटलांटाचे महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी १९७० च्या दशकात ‘असे उद्योजक मिळतच नाहीत’ ही सबब चालू दिली नाही. विमानतळाच्या विस्तारात सुमारे पाव काम अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना हवं, एकट्याने झेपत नसेल तर मोठ्यांनी त्यांना भागीदार करून घ्यावं. नाहीतर काम थांबेल, असं त्यांनी बजावलं. नवं टर्मिनल १९८० मध्ये सुरू झालं. अमेरिकी न्यायालयांनी पुढे अशा वाट्यांना कात्री लावली, हेही खरं.

आपल्याकडे ती पळवाट आधी बुजवायला हवी. निविदा कोणाकोणाला कळवली, कोण कोणत्या अटीवर बाद झालं, हे खरेदी विभागाने लिहून जाहीर करावं. आणि रस्ते-इमारतींची कामं, जिथे खरा पैसा आहे, ती या धोरणाबाहेर का? कर्नाटकाने अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत आरक्षण ठेवलं, पुढे ती मर्यादा १ कोटीवर नेली. महाराष्ट्राला त्यासाठी फार लांब पाहायला नको.