शेत जाग्यावर, कस ओढ्यांत

पीक कां घटलें असें आमच्या शेतकरी बंधूंस विचारलें, तर कोणी पावसाकडे बोट दाखवितो, कोणी नशिबाकडे. पण पहिल्या मोठ्या पावसानंतर गांवच्या ओढ्याचें पाणी ओंजळींत घेऊन पाहावें. तें गढूळ कां? कारण त्यांत आपलेंच शेत असतें.

टपोरा थेंब उघड्या रानावर आपटला कीं माती सुटते, आणि उताराच्या पाण्याबरोबर आधीं बारीक कण निघतात. खडे मागें राहतात. पिकाचें अन्न जें नत्र, स्फुरद व कुजलेला पालापाचोळा, तें बहुतेक या बारीक कणांबरोबरच असतें. चोरानें भांडीं सोडून दागिने तेवढे न्यावेत, तसाच हा प्रकार! एकरावरून एक मिलिमीटर थर गेला, तर सुमारें ५ टन माती गेली. ध्रुवनारायण व राम बाबू या शास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें देशांत सरासरीनें दर वर्षीं हेक्टरीं १६ टनांवर माती जागा सोडते. गेलेला कस मग आपण कर्ज काढून गोणींतून आणतों. पण गोणींत नत्र मिळेल, माती मिळणार नाहीं. आणि मुरूम उघडा पडल्यावर ओल धरणार कोण?

इलाज नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, सरकारनें फौजेच्या व पोलिसांच्या हातून ताली-बंधारे घालून पाणी शेतांत मुरवावें, असें सुचविलें होतें. १९४२ सालीं मुंबई इलाख्यांत जमीन सुधारणेचा कायदाही झाला. तरी बांध टिकत नाहींत, याचें एक कारण आमच्या वाटण्यांत आहे. भाऊ वेगळे झाले कीं कोणावर अन्याय नको म्हणून रान उताराच्या दिशेनें उभें चिरतात. अरुंद पट्टींत औत आडवें वळत नाहीं. तें उभेंच चालतें, आणि प्रत्येक तास पाण्याला पाट होतो. वरच्याचा बांध फुटला कीं खालच्याचें रान ओघळतें, आणि दोघे भाऊ तलाठ्याच्या दारीं!

म्हणून सांगणें इतकेंच. कागदावर वाटण्या खुशाल चार करा. नांगरट व पेरणी मात्र सर्वांनीं मिळून उताराला आडवी करा. जादा पाण्यासाठीं सांड ठेवा, बांधावर गवत राखा, फुटलेला बांध कोणाचाही असो, दोघांनीं मिळून भरा. बांध कोरून वीतभर रान मिळविणारा भाऊ हातभर माती घालवितो. हें ज्यास पटेल त्यानें भावाकडे आजच जावें. मृगाची वाट पाहूं नये.